शिंपलीतलं तिसरं माणूस

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, आपल्या किनाऱ्यावर अजून शिंपल्यांचा चुना भाजत असत तेव्हाची. खारबेटच्या चर्चवर तेव्हा कौलं नव्हती, झावळ्या होत्या. चर्चसमोरच्या वाळूत एक सुरूचं झाड होतं. वारा नसतानाही ते झाड उसासे टाकायचं, असं म्हणतात. नाताळात गाव तेच झाड सजवायचं.

गावाच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, दुमिंग चुनेवाल्याची भट्टी होती. दुमिंग एकटा राहायचा. त्याचे आईबाप कधी गेले, त्याचं लग्न का झालं नाही, हे आता कुणालाच आठवत नाही. आठवतं ते त्याचं काम. वर्षभर तो खाडीतल्या शिंपल्या गोळा करायचा, लाकडं आणि तूस यांच्या थरांत रचून भाजायचा, मग पाणी मारून त्यांचा चुना फोडायचा. त्या चुन्याने गावातली घरं पांढरी होत, आणि थडग्यांवरचे क्रूसही. कुणी गेलं की खड्ड्यात घालायला टोपलीभर चुना घेऊन दुमिंगच यायचा. टोपली रिकामी करायचा आणि परत जायचा.

पण ज्या शिंपल्यांची दोन्ही झाकणं अजून एकमेकांना धरून असत, त्या तो भट्टीत टाकत नसे. त्या धुऊन, वाळवून वळचणीला ओळीने ठेवायचा. नाताळाआधी चार आठवडे, आगमनकाळाचा पहिला रविवार आला की तो अंघोळ करून घरोघर जायचा. आत यायचा नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून एकच प्रश्न विचारायचा, "घरात कोण कोण?"

घरची बाई सांगायची. नवरा, मी, सासू, तीन पोरं आणि परवा व्यालेली शेळी. शेळीही सांगायची पद्धत होती.

मग दुमिंग त्या घराची शिंपली करायचा. भेंडाच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यातून माणसं कोरायचा. त्यांची डोकी तांदळाच्या दाण्याएवढी. माशाच्या खवल्यांच्या खिडक्या, काथ्याच्या धाग्याचा दोर लावलेला रहाट, चूल, चुलीवर मिरीच्या दाण्याएवढी हंडी. हळद, गेरू, काजळी आणि नीळ यांनी तो सगळं रंगवायचा आणि डिंकाने बसवायचा. शिंपली उघडली की आपलंच घर आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. चोवीस डिसेंबरच्या दुपारी ज्याची त्याने आपली शिंपली सुरूला टांगायची, आणि मग सगळं गाव एकमेकांची घरं बघत झाडाभोवती फिरायचं.

"काय रे दुमिंगबाबा, माझं पोट एवढं कोरलंस?" इनास तांडेल ओरडायचा.

"झाकण लागेना म्हणून अर्धं तासलं," दुमिंग म्हणायचा. मग सगळ्यात मोठ्याने हसायची ती इनासची बायको रोझा.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, झाड उतरवायचे. शिंपल्या भट्टीत जायच्या आणि त्यांच्याच चुन्याने नव्या वर्षी घरं रंगायची.

असं म्हणतात, की दुमिंगच्या शिंपलीत जे असेल तेच घरात असायचं. एका साली तो इनासची शेळी कोरायला विसरला. चोवीस तारखेला शिंपली टांगली आणि शेळी दिसेनाशी झाली. सगळं बेट पालथं घातलं. सहा जानेवारीला झाड उतरवलं तेव्हा ती दारातच उभी होती, रवंथ करत. तेव्हापासून बायका मोजताना फार जपून मोजायच्या.

आणि मग ते साल आलं.

त्या साली पावसाळा सरता सरता गावात ताप आला होता. जुझे आणि फिलू यांची मुलगी आगात त्या तापात गेली. सहा वर्षांची होती. एकुलती एक. दुमिंगने चुन्याची टोपली आणली होती, आणि त्या दिवशी ती रिकामी करायला त्याला वेळ लागला, असं बघणारे सांगायचे.

आगमनकाळाच्या रविवारी तो फिलूच्या दारात आला. फिलू तांदूळ निवडत होती.

"घरात कोण कोण?"

फिलूने वर पाहिलं नाही. "तिघं," ती म्हणाली. "दरसालासारखी."

जुझे घरात नव्हता. दुमिंग बराच वेळ उभा राहिला. तिचा हात सुपात फिरत होता, थांबत नव्हता. मग तो निघून गेला.

चोवीस तारखेला फिलूने स्वतः शिंपली टांगली. जुझेने ती उघडून पाहिली आणि पटकन मिटली. आत चुलीपाशी फिलू होती, दाराशी जाळं घेऊन तो होता, आणि दोघांच्या मधे निळ्या झग्यातली एक मुलगी पाटावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या दुपारी, फिलूने तीन ताटं वाढली. जुझे म्हणाला, "फिलू, नको ना." ती म्हणाली, "तू जेव." तो खाली मान घालून जेवला. मान वर केली तेव्हा तिसऱ्या ताटातल्या भाताला एका बाजूने लहान बोटांनी घास घेतल्याची खूण होती.

घरात पाय वाजू लागले. सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे उमटायचे, विहिरीकडून आलेले, आणि चुलीपाशी थांबायचे. फिलू पुन्हा गाणं म्हणू लागली. केस विंचरू लागली. शेजारणींना बरं वाटलं. पोर गेल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती, आता बोलायची, हसायची.

पहिल्यांदा पाहिलं ते रोझाने. नाताळनंतरच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती आणि फिलू बंदरावरून मासळीच्या पाट्या घेऊन येत होत्या. रोझा मागे होती. ओल्या वाळूत तिची पावलं घोट्यापर्यंत रुतत होती.

"फिलू, हळू चाल गे," ती म्हणाली. "तुझ्या पाटीत मासळी हाय का नुसता वारा?"

फिलू हसली आणि पुढे गेली. रोझाने सहज खाली पाहिलं. पुढच्या वाळूत फिलूच्या पावलांचे ठसे नव्हते. वाळू गुळगुळीत होती. फक्त तिच्या डाव्या बाजूने, तिच्या चालीने, लहान पावलं उमटत चालली होती.

रोझाने पाटी तिथेच टाकली. धावत जाऊन तिने जुझेला गाठलं.

जुझेने घरी येऊन बायकोचा हात हातात घेतला. तो सुकलेल्या झावळीसारखा लागला, आतून काहीच नसल्यासारखा. त्याने तिला उचललं. पाण्याची रिकामी घागर उचलावी तशी ती उचलली गेली. "काय करतोस रे?" ती लाजून म्हणाली, आणि त्याच्या मागे, रिकाम्या पाटावरून कुणीतरी उठल्यासारखा पाट करकरला.

रोझाला तिच्यापाशी बसवून तो झाडाकडे धावला. शिंपली उघडली. मुलीचा झगा शिंपली टांगली तेव्हापेक्षा निळा झाला होता आणि गालांवर गेरूची लाली चढली होती. फिलूची बाहुली मात्र पांढरी पडत चालली होती. लुगड्याची हळद गेली होती, केसांची काजळी गेली होती. जुझेने मुलीच्या बाहुलीला बोट लावलं. त्याच क्षणी त्याच्या घराकडून रोझाची किंकाळी आली. फिलू चुलीपाशी कोसळली होती, श्वास थांबला होता. त्याने बोट काढलं, तेव्हा कुठे ती पुन्हा श्वास घेऊ लागली.

मग तो भट्टीवर गेला. दुमिंग खाली बसून शिंपल्या निवडत होता.

"दुमिंगबाबा, तुला ठाऊक होतं. तू स्वतः चुना घातलास तिच्यावर. मग तीन का कोरलीस?"

दुमिंग म्हणाला, "दोनच कोरणार होतो. दोन झाली, चाकू खाली ठेवला. पाट रिकामा दिसत होता, जुझे. मला तो तसा बघवेना."

"आता काढ तिला."

"मी काढली तर फिलूही जाईल. जिने मोजलं तिनेच पुन्हा मोजायला हवं. ते तीन राजांच्या आधी. त्या दिवशी शिंपली भट्टीत जाईल, आणि तेव्हा जिच्यात वजन नसेल ती परत यायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुमिंग फिलूच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला.

"घरात कोण कोण?"

"तिघं," फिलू आतून म्हणाली.

तो गेला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा आला. असं म्हणतात, सात दिवस तो रोज दुपारी आला, रोज तेच विचारलं, आणि रोज तेच उत्तर ऐकलं. पाद्रीबाबाही येऊन गेले. बायकांनी समजावलं. रोझा तर चिडून म्हणाली, "अगे, तुझा नवरा जिता हाय, त्याचं काय?" फिलू म्हणाली, "त्यालापण मोजलंय मी." तिचा आवाज आता फार बारीक झाला होता. दाराला कडी असली तरी फटीतून येणाऱ्या वाऱ्याने फिलू हलायची. जुझे तिच्या पदराचं टोक आपल्या कमरेला बांधून बसायचा.

पाच जानेवारीची दुपार झाली. अंगणात गाव जमलं होतं. दुमिंग आला. त्याने नेहमीसारखं विचारलं. फिलूने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तिने तीन बोटं वर केली. ऊन त्या बोटांतून आरपार येत होतं.

दुमिंग पहिल्यांदाच उंबऱ्यावर बसला. मग त्याने फिलूकडे नाही, जुझेकडे नाही, तर त्या पाटाकडे पाहिलं.

"आगात," तो म्हणाला, "बाय, तू सांग. घरात कोण कोण?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. मग पाटावरून, सगळ्यांना ऐकू येईल असा, एका लहान मुलीचा आवाज आला. मोजताना मुलं करतात तसा, थांबून थांबून.

"आय," आवाज म्हणाला. "आणि बाबा."

फिलूने पाटाकडे पाहिलं. वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही. मुलीचं मोजून झालं होतं.

असं म्हणतात, त्यानंतर फिलू रडली, मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा. मग उठून ती आपल्या पायांनी झाडापर्यंत गेली. सगळं गाव मागे चाललं होतं, पण जवळ कुणी गेलं नाही. तिने शिंपली उघडली, स्वतःला आणि जुझेला बोटाने मोजलं, आणि नखाने अलगद मुलीची बाहुली सोडवली. बाहुली तळहातावर धरून ती उभी राहिली.

"आता हिला ठेवू कुठे?" तिने विचारलं. "भट्टीत नाही घालणार मी."

दुमिंगने आपल्या सदऱ्याच्या खिशातून एक शिंपली काढली. ती त्याने कधी झाडाला टांगली नव्हती, कधी कुणाला दाखवली नव्हती. आत भट्टी होती आणि भट्टीजवळ एक माणूस बसला होता.

"ही माझी," तो म्हणाला. "मला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून टांगली नाही."

फिलूने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने पदर सावरला आणि विचारलं, "दुमिंगबाबा, घरात कोण कोण?"

"दोघं," दुमिंग म्हणाला.

तिने बाहुली त्याच्या शिंपलीत, त्या माणसाशेजारी ठेवली. ती घरी निघाली तेव्हा तिची पावलं वाळूत रुतत होती, एखादं ओझं डोक्यावर असावं तशी खोल. जुझे तिच्या मागून चालत होता आणि प्रत्येक ठसा बघत होता.

दुसऱ्या दिवशी तीन राजांचा सण होता. झाड उतरवलं, शिंपल्या पाटीत भरून भट्टीवर नेल्या, तर दुमिंग तिथे नव्हता. भट्टी पेटवून ठेवलेली होती. तेवढ्यात इनास तांडेलला तो खाडीत दिसला. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. त्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो. दुमिंग त्याच्यावरून असा चालला होता, जसा कुणी अंगणातून चालावा. इनासने हाक मारली, पण तो मान वळवून हसला आणि चालत राहिला. त्याचा उजवा हात जरा खाली, जरा बाहेर होता. लहान मुलाचा हात धरताना असतो तसा.

इनास होडी घालून गेला तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. चिखलात मोठ्या माणसाची पावलं नव्हती. लहान पावलं होती, पार पाण्यापर्यंत. मधे मधे ती उड्या मारल्यासारखी दोन-दोन उमटली होती.

आता खारबेटात चुन्याची भट्टी नाही. चर्चवर कौलं आली, मग पत्रे आले, मग स्लॅब पडला. पण सुरूचं झाड आहे, जुन्याच्या बुंध्यातून फुटलेलं, आणि शिंपल्या अजून करतात. आता भेंड मिळत नाही, थर्मोकोलची माणसं कोरतात. चार-पाच घरांतल्या बायका बसून सगळ्या गावाच्या शिंपल्या करतात, आणि आगमनकाळाच्या रविवारी त्यांतली एक घरोघर जाऊन उंबऱ्याबाहेरून विचारते.

फक्त ज्या घरातलं माणूस त्या साली गेलं असेल, तिथे ती विचारून लगेच निघत नाही. पायरीवर बसते. घरातली बाई सांगेपर्यंत बसते. मधे तिथलं पाणी भरते, तिथले कपडे वाळत घालते. उत्तर चुकीचं आलं तर काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. असं म्हणतात, एका साली एका दारात गाव अकरा दिवस बसलं होतं, पाळी लावून.

आणि तरीही काही घरांना आकडा सांगता येत नाही. मग झाडावर त्यांची फांदी, नुसता दोरा बांधून, मोकळी ठेवतात. इतर शिंपल्या कितीही दाटीवाटीने टांगल्या तरी तिला कुणी हात लावत नाही, आणि "हे काय, इथे का नाही?" असं कुणी विचारत नाही. तीन राजांच्या सणाला सगळं झाड उतरवतात, पण त्या फांदीला बांधलेला रिकामा दोरा तसाच राहू देतात, पुढच्या नाताळापर्यंत, लागलंच तर त्याच्याही पुढच्या. त्या फांदीला दुमिंगची फांदी म्हणतात.