अंगण झाडणारी आई

“पण ‘रडते’ हाच शब्द ठेवला तर बिघडलं काय, फादर?”

आन्सेल्मने पुन्हा तेच विचारले.

वसईतल्या चर्चच्या मागच्या ओट्यावर म्हातारे फादर इनास वालाच्या शेंगा सोलत बसले होते. आन्सेल्म लॅटिन शिकला तो त्यांच्याच हाताखाली. पुढे रोमहून पदवी घेऊन आला, आणि येताना थोडी ऐटही घेऊन आला. एका जुन्या लॅटिन कवितेची शुद्ध प्रत तो हस्तलिखिते ताडून तयार करत होता. उद्या मजकूर छापखान्यात जायचा होता.

कविता बुडालेल्या नावाड्याची. त्याचे प्रेत दारात आणतात, तेव्हा आई काय करते? बहुतेक हस्तलिखितांत ती रडते. सगळ्यात जुन्या प्रतीत मात्र ती अंगण झाडते.

“नकलनवीस पेंगला असेल,” आन्सेल्म म्हणाला. “उचलली लेखणी, लावली कागदाला.”

“बरं, तूच नकलनवीस आहेस असं धर. समोर ‘झाडते’ लिहिलंय. बदलशील?”

“बदलीन. शोभतं का ते?”

“आणि ‘रडते’ असेल तर?”

“त्यात बदलायचं काय?”

“मग ‘झाडते’ आलं कुठून?”

फादरांनी शेंगांनी भरलेले सूप आन्सेल्मपुढे सरकवले. तोही सोलू लागला.

“पोटचा पोर दारात... आणि कोणती आई केरसुणी हातात घेईल?” त्याचा आवाज चढला होता.

“कोणतीच नाही?”

...

गेल्या वर्षी आन्सेल्मचे वडील वारले. शवपेटी घरात होती, सगळे नातेवाईक जमले होते, आणि त्याची आई मागच्या वाडीत मोगऱ्याला पाणी घालत होती. डोळ्यांत टिपूस नाही. चारचौघांत त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेव्हापासून तो आईशी धड बोललेला नव्हता. फादरांना ते ठाऊक होते. अख्ख्या गावाला ठाऊक होते.

“बाबांनी लावलेला मोगरा,” तो अखेर म्हणाला. “दुसऱ्या कुणाला पाणी घालू द्यायचे नाहीत.”

फादरांनी आणखी एक शेंग सोलली.

“ती रडायला हवी होती, फादर...”

फादरांनी त्याच्या हातातली शेंग हळूच काढून घेतली.

“ज्यानं पहिल्यांदा ‘झाडते’ बदलून ‘रडते’ लिहिलं ना,” ते म्हणाले, “त्याची आईसुद्धा रडली नसावी.”