जोडीदाराचा आवाज

"...म्हणजे बायको आतल्या खोलीतून पत्ते ओरडून सांगते, आणि सर बाहेर बसून..."

बोलणाऱ्या दोन बायकांवर लिफ्टचं दार लागलं आणि वाक्याचा पुढचा भाग वर निघून गेला.

मकरंद फणसे जिन्यापाशी तसाच उभा राहिला. नाव कुणी घेतलं नव्हतं. पण त्या इमारतीत 'सर' म्हणावं असे एकच, टिपणीस सर. आणि घरबसल्या ब्रिजच्या, म्हणजे पत्त्यांच्या, स्पर्धा खेळणारं जोडपंही तेवढंच.

मकरंद सरांचाच शिष्य. कॉलेजात असताना त्यांच्याकडे ब्रिज शिकला आणि आता शहराच्या ब्रिज मंडळाच्या ऑनलाइन स्पर्धेचा पंच झाला होता. भारी कडक पंच. मोबाइलवरून एकमेकांना खुणावणारी एक जोडी त्यानं नुकतीच वर्षभरासाठी बाहेर काढली होती. "माझ्या स्पर्धेत कुणाला सूट नाही," हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. नवरा-बायको एकाच घरातून खेळत असतील तर दोघांनी दोन खोल्यांत बसायचं. जी काय बोली लावायची ती स्क्रीनवर. तोंडातून पत्त्यांबद्दल एक शब्द निघाला तर जोडी बाद. हा नियम त्यानंच भांडून करून घेतला होता.

सरांबद्दलची कुजबुज त्याच्या कानावर आधीही आली होती. म्हणून तर तो आज लॅपटॉप काखेत मारून आला होता.

"घरचं नेट गेलंय, सर. इथं बसून स्पर्धा चालवू का?"

"बस की." सर हसले. "तुझं नेट नेमकं रविवारी दुपारी जातं वाटतं."

मकरंदनं चपला काढल्या. दिवाणावर बसला.

आतल्या खोलीत इंदुमतीकाकू टॅब मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"लावून घेऊ का, सर?"

"लावलं की ती घाबरते."

पहिले दोन डाव मुकाट्यानं गेले. मकरंदला हायसं वाटलं. लोकांना काय, लिफ्टमध्ये दुसरे विषय नसतात.

तिसऱ्या डावात सरांनी बदामाची बोली लावली. काकूंनी ती उचलून तीन बदामांवर नेली. म्हणजे, माझ्याकडेही बदाम आहेत, बेलाशक पुढे चला.

आणि आतून आवाज आला.

"अहो... चुकून दाबलं गेलं हो. माझ्याकडे बदाम एकच आहे. तुम्ही आता थांबा."

मकरंदनं सरांकडे पाहिलं.

सर स्क्रीनकडे पाहत राहिले... मग त्यांनी बोट टेकवलं. चार बदाम.

"सर, काकू म्हणाल्या की..."

"स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"तीन बदाम."

"आणि माझे पत्ते बघ. एवढे चांगले पत्ते हातात असताना, कानात बोळे घातलेला माणूस काय करेल?"

"चारवर जाईल."

"मग."

डाव पार बुडाला. समोरच्या जोडीनं खुशीत अंगठा पाठवला.

"सांगत होते ना मी," आतून आलं. "माझं म्हणून ऐकायचं नाहीच तुम्हाला. लग्नापासून बघतेय."

डाव संपला होता, म्हणून सरांनी उत्तर दिलं. "चुकलंच, इंदू."

मकरंदचा जीव भांड्यात पडला होता. तो पुढे सरकून बसला.

"म्हणजे तुम्ही फायदा घेतच नाही. उलट हरता."

"हरतो."

"मग कशाला हे, सर? दुसऱ्या स्पर्धेत माझ्याबरोबर खेळा. काकूंना घरच्या घरी खेळू दे, साधं, स्पर्धेशिवाय. तुम्हीच बसा त्यांच्यासमोर."

"करून पाहिलं." सरांनी चष्मा काढला. "नुसते पत्ते मांडले तर तिला ते ओळखूही येत नाहीत. स्पर्धेची घंटा झाली, वर घड्याळ पळायला लागलं, की पदर सावरून बसते. सकाळी मला विचारत होती, भाऊ, तुम्ही कुणाकडे आलात?"

सरांनी चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसल्या.

"आत्ता ऐकलंस ना... अहो म्हणाली."

आतून कुरकुर आली. "अहो, पुढचा डाव कधी?"

सरांनी चष्मा घातला. स्क्रीनच्या कोपऱ्यात पंचांना बोलावण्याचं बटण होतं. त्यावर त्यांचं बोट गेलं, थांबलं... आणि टेकलं.

मकरंदच्या मांडीवरचा लॅपटॉप खणखणला. टेबल सात. पंचांनी यावं. खाली सरांनी लिहिलं होतं, जोडीदारानं आपले पत्ते तोंडानं सांगितले. मी ते ऐकले.

दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं.

"सर, काय करताय हे?"

"दर रविवारी बोट तिथपर्यंत नेतो आणि मागे घेतो. समोरच्यांना कधी सांगितलं नाही."

"मग आज कशाला?"

"आज तू ऐकलंस."

मकरंदनं आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणला. "मी काही ऐकलं नाही, सर. ऐकलंच नाही असं समजतो."

"ऐकून न ऐकल्यासारखं खेळायचं, ते माझं काम. तुझं काम ऐकायचं."

लॅपटॉप पुन्हा एकदा खणखणला.

काकू पत्ते ओरडून सांगतात, हे खरं होतं. लिफ्टमधल्या बायकांनी पुढे जे काही म्हटलं असेल, ते खरं नव्हतं. नियमाला मात्र तेवढं अर्धं खरं पुरत होतं.

मकरंदनं टेबल सातवरची जोडी बाद केली. दाबताना त्यानं मान वर केली नाही.

सरांच्या स्क्रीनवरचे पत्ते गेले. आतल्या टॅबनं एकदा टुंग केलं, मग तोही गप्प झाला.

थोड्या वेळानं काकू दारात आल्या. टॅब दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. त्यांनी मकरंदकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांकडे जरा जास्त वेळ.

"भाऊ, आमचे हे इथं खेळत बसले होते. कुठं गेले हो?"

मकरंदनं तोंड उघडलं. सरांनी हातानंच त्याला थांबवलं. ते उठले, आपली खुर्ची काकूंसाठी पुढे ओढली.

"येतीलच, वहिनी. तुम्ही बसा."