साडेतीन हात मेंढी

मावळतीकडे, जिथे सूर्यसुद्धा रोज थकून जातो, तिथे एक जंगल होतं. जंगलात सगळे सुखी होते. तसा हुकूमच होता.

जंगलाच्या मधोमध सिंहमहाराज प्रतापकेसरींचा दरबार होता आणि दरबारात एक लांबलचक पांढरी भिंत होती. भिंतीवर सगळ्या प्रजेचं चित्र काढलेलं असे. महाराज सात हात उंच. त्यांच्या खालोखाल लांडगे सरदार, चार-चार हात. शेजारी धर्मपीठाची कासवं तीन-तीन हात, पण त्यांच्या डोक्यामागे सोनेरी तबकडी असे आणि तबकडीचं माप वेगळं धरत. मग घोडे, मग बैल, आणि अगदी तळाला, जिथे दरबाऱ्यांचे पाय लागून रंग उडायचा तिथे, मोहरीएवढ्या मेंढ्या.

दर सुगीला मापारी बोकड काठी घेऊन यायचा. भिंतीवर ज्याचं चित्र जेवढं मोठं, तेवढा कोठारातल्या धान्यात त्याचा वाटा. बोटाला एक टोपली. सिंह आणि लांडगे धान्य खातात कुठे, असा प्रश्न कोणाला पडला तर तो त्याला फार दिवस पडत नसे.

मेंढी भिंतीवर बोटभरही भरत नसल्यामुळे तिला ओंजळभर कोंडा मिळायचा. मेंढीला कमी का? तर तिचं चित्र लहान म्हणून. चित्र लहान का? तर तिला वाटा कमी म्हणून. यावर कासवांनी सात ग्रंथ लिहिले होते आणि आठव्याचं काम चालू होतं.

हे चित्र दर वर्षी नव्यानं रंगवायचं काम भिवरा साळूकडे होतं. तिच्या बापाकडेही तेच होतं आणि आजाकडेही. साळूच्या अंगावर काटे असतात, त्यामुळे कुंचल्यांचा खर्च नाही, एवढाच विचार करून हे वतन त्या घराण्याला दिलेलं होतं. भिवरा राहायची मेंढवाड्याच्या कडेला. तिची आई ती लहान असताना गेली, तेव्हा तिला तानाक्का मेंढीनं आपल्या कोकरांबरोबर वाढवलं होतं. काटे टोचायचे, तरी कुशीत घ्यायची. आणि त्याच तानाक्काला भिवरा दर वर्षी एका ठिपक्यात उरकायची. रीतच होती ती. भिवराला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, हे तिचं तिलाच पुढे फार लागलं.

त्या वर्षी जंगलात मरी आली. मरीला भिंतीवरची मापं ठाऊक नव्हती, म्हणून दोन सरदार आणि एक महाकासवही गेले. पण मेंढ्या निम्म्या गेल्या. तानाक्काच्या घरात अकरा जणं होती, राहिली ती आणि तिची नात सगुणी. सगुणी चार महिन्यांची, हाडाची काडी झालेली. समोर बर्फाचे चार महिने. ओंजळभर कोंड्यावर ती तगणार नाही, हे सांगायला वैद्याची गरज नव्हती.

शेतात पीक उभं होतं. सरदार रणशूरराव लांडगे गढीवरून खाली उतरले आणि मेंढवाड्यात येऊन म्हणाले, "निम्म्या मेल्या ना? मग उरलेल्यांनी दुप्पट काम करायचं. हिशोब सरळ आहे."

"सरदार, पाय चारच हाइत आमाला," तानाक्का म्हणाली.

"मग आठ समजून चाला."

तानाक्का खाली बसली. तिचं बघून शेजारीण बसली. बघता बघता अख्खा मेंढवाडा बसला. त्या काही बोलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नुसत्या बसल्या. रणशूररावांनी दात दाखवले, पण मग त्यांच्या ध्यानात आलं की खायच्या म्हटल्या तर मेंढ्या आणि पीक कापायला म्हटलं तरी मेंढ्याच. दोन्ही एकदम करता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच सरदारांना कामगारांची टंचाई म्हणजे काय ते कळलं, आणि त्यांना फार अपमान वाटला.

त्याच दुपारी भिवरा मेंढवाड्याच्या दाराशी काटा साफ करत बसली होती. मापाचा दिवस आठवड्यावर आला होता. काट्याचं टोक सरळ आहे का बघायला तिनं तो डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला, आणि थबकली. पलीकडे टेकडीवर रणशूररावांची गढी होती. ती अख्खी गढी, बुरजांसकट, काट्याच्या टोकामागे गेली होती.

तिनं काटा हलवला. गढी दिसली. परत धरला. गढी गेली.

"आक्का, जरा अशी समोर ये गं."

तानाक्का कुरकुरत येऊन उभी राहिली. आता गढीच काय, टेकडीही दिसेना. तिच्या बाजूनं महाराजांच्या राजवाड्याचं टोक तेवढं डोकावत होतं, उवेएवढं.

भिवरा हसत सुटली. "आक्का, तुझ्यामागं सगळं सरकार झाकलं गेलंय!"

"मग सरकू का बाजूला? उगा बोभाटा नगं," तानाक्का म्हणाली.

"नको. अशीच उभी राहा."

त्या आठवड्यात भिवरानं भिंतीपुढे पडदा लावला आणि आत काय चाललंय ते कोणाला बघू दिलं नाही. जसं डोळ्याला दिसतं तसंच काढायचं, असं तिनं ठरवलं होतं. इतकी साधी गोष्ट हजार वर्षांत कोणाला सुचली नव्हती, कारण डोळे सगळ्यांना होते, पण बघायची परवानगी लागत असे.

मापाच्या दिवशी दरबार भरला. पडदा सरकला. 

भिंतीवर समोर तानाक्का उभी होती. लोकर विस्कटलेली, एक कान फाटका, डोळे थकलेले. तिच्या पायाशी सगुणी. मागे मेंढवाडा, शेत, आणि दूर, अगदी दूर, राजवाड्याच्या गच्चीवर काही तरी पिवळं.

"हा ढेकूण कसला?" महाराजांनी विचारलं.

"ते आपण आहात, महाराज," भिवरा म्हणाली.

मापारी बोकडाचा यात काही दोष नव्हता. तो तीस वर्षं नोकरीत होता आणि समोर चित्र आलं की मापायचं, एवढंच त्याला येत होतं. त्यानं काठी लावली आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "तानाक्का मेंढी, साडेतीन हात! सगुणी, दीड हात! सरदार रणशूरराव, अर्धं बोट! महाराज प्रतापकेसरी..." तो थोडा अडखळला. "ओंजळभर कोंडा!"

मागच्या बाजूला मेंढ्यांमध्ये असा गलका उठला की दरबाराच्या छतावरची कबुतरं उडाली. तानाक्का मात्र सगुणीकडे बघत होती. दीड हात म्हणजे किती टोपल्या होतात, हे तिला मोजता येत नव्हतं, पण हिवाळ्याला पुरतील एवढं नक्की कळत होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"पाखंड!" महाकासव कवचातून ओरडले. "आमच्या तबकड्या कुठे आहेत?"

"एवढ्या लांबून दिसल्या नाहीत, महाराज," भिवरा म्हणाली. कासवांनाही महाराजच म्हणायची पद्धत होती.

"हिचे काटे उपटा!" रणशूरराव गरजले. "एकेक करून!"

आता बोलल्याशिवाय सुटका नाही हे भिवराला दिसत होतं. "काटे उपटायचेत तर उपटा. पण महाराज, आधी एक काटा हातात धरा. एक डोळा मिटा. आणि खिडकीतून सरदारांच्या गढीकडे बघा."

महाराजांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "रणशूर, तुझी गढी माझ्या नखाएवढी आहे रे!" त्यांनी मग धर्मपीठाचं शिखर मापलं, ते दाण्याएवढं भरलं. शेजारच्या वैरी राजाचा डोंगर मापला, तो तर दिसेचना. महाराजांनी दुपारपर्यंत सगळं जंगल लहान करून घेतलं आणि त्यांची कळी खुलली. सिंह क्रूर असतो, पण मूर्ख नसतो. काटा खाली ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे जो जवळ उभा, तो मोठा?"

"होय, महाराज."

"आणि जवळ उभं राहायला कोणाला मनाई आहे का?"

"नाही, महाराज."

"झालं तर," महाराज म्हणाले, आणि उठून चौथऱ्यावर गेले.

"माझ्या प्रिय प्रजाजनांनो! हजार वर्षांचा काळोख आज संपला! आजपासून या जंगलात कोणीही जन्मानं लहान नाही! जो जवळ येईल तो मोठा होईल! मेंढी असो वा लांडगा, सर्वांना जवळ उभं राहण्याची समान संधी! हे चित्र प्रयोग म्हणून उत्तम आहे. खरं चित्र परवा मैदानात काढलं जाईल. आणि ही भिवरा साळू, ही या नवयुगाची जननी आहे!"

"नवयुग आलं! नवयुग आलं!" कोल्ह्यांनी घोषणा दिल्या. मेंढ्यांनीही दिल्या. तानाक्का तिसऱ्या दिवसाच्या आशेवर नाचली, आणि त्या आनंदात सगळ्या मेंढ्या उठून शेतात गेल्या, कारण पीक कापलं नाही तर वाटायचं काय, असं महाराजांनी भाषणाच्या शेवटी सहज म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवरा मैदानात आली तेव्हा पहिल्या रांगेत लांडगे बसलेले होते. त्यांना शेतात काम नसल्यामुळे ते पहाटेच आले होते. त्यांच्यासमोर दोरी बांधलेली होती, सुरक्षेसाठी. कासवांनी तबकड्या काढून ठेवल्या होत्या. त्या मुळात नुसत्या टोप्याच होत्या, असा खुलासा आठव्या ग्रंथात आला होता. आता त्यांनी चष्मे लावले होते आणि ती दुसऱ्या रांगेत बसून 'सामीप्यमीमांसा' वाचत होती. मेंढ्या दुपारी शेतातून सुटून आल्या. त्यांना जागा मिळाली ती पार पलीकडच्या टेकडीवर.

भिवरानं काटा उचलला आणि एक डोळा मिटला. तानाक्का मोहरीएवढी दिसत होती. आता हे खोटंही नव्हतं. डोळ्याला जे दिसतं तेच हे होतं.

तिनं मुकाट्यानं आपलं आसन उचललं आणि चालत चालत टेकडीवर, मेंढ्यांच्या पुढ्यात जाऊन मांडलं.

खाली मैदानात लांडगे ताडकन उठले. बघणारा कुठे बसतो यावर सगळं आहे, हे लांडग्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं. रणशूरराव धावत वर आले. आज ते फारच गोड बोलत होते.

"भिवराताई, तुम्ही अशा मातीत? तुम्ही राजचित्रकार! तुमच्यासाठी महाराजांनी संगमरवरी चौथरा बांधलाय. मखमलीची खुर्ची. चित्राच्या कोपऱ्यात तुमचं नाव घालायची परवानगी! तुमच्या आज्यापणज्यांत कोणाचं नाव कुठे लागलं होतं का?"

नव्हतं लागलं. भिवराला बापाचे रंगानं फुटलेले हात आठवले, आणि खरं सांगायचं तर तिला मोह झाला. शिवाय खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लांडगे उभे होते, तेही तिच्या लक्षात आलं. ती जाऊन बसली. खुर्ची चौथऱ्याला खिळ्यांनी ठोकलेली होती.

पण ती तानाक्काच्या कुशीत वाढलेली होती. तिनं समोर सिंहासनावर बसलेल्या महाराजांना सुचवलं, "महाराज, नवयुगाचं चित्र आहे. आपल्या मांडीवर एखादं गरिबाचं कोकरू असेल तर काय शोभेल! प्रजा म्हणेल, राजा असावा तर असा."

महाराजांना ते इतकं आवडलं की थोड्या वेळानं त्यांना वाटायला लागलं की ते त्यांनाच सुचलं. सगुणीला आणलं. तिला न्हाऊ घातलं, गळ्यात निळी फीत बांधली आणि महाराजांच्या मांडीवर बसवलं. ती थरथरत होती. भिवरानं आयुष्यातलं सगळं कसब तिच्यात ओतलं. लोकरीचा एकेक केस काढला. चांगली सव्वादोन हात भरली सगुणी. इतकं सुंदर कोकरू कोणी चित्रात पाहिलं नव्हतं.

मापारी बोकड काठी घेऊन आला. त्यानं महाराज मापले. मग सगुणीपाशी थांबला, चष्मा पुसला, नियमांची वही चाळली.

"मांडीवरचं ते मांडीचं," तो म्हणाला. "महाराजांच्या मापात धरलंय."

"अरे, पण ती वेगळी आहे! वेगळी काढलीय मी!" भिवरा खुर्चीतून उठली.

"ताई, तुम्ही चित्रकार. माप तुमच्याकडे नाही."

संध्याकाळी तानाक्का नातीला घ्यायला आली. तिच्या पदरात ओंजळभर कोंडा होता. ती भिवरावर रागावली नाही, तेच भिवराला सहन झालं नाही.

"आधी म्हनायचे, तुजा जलमच तसा," तानाक्का म्हणाली. "आता म्हंत्यात, तू पुढं का न्हाई आलीस. भिवरे, मी लांब हुबी हुते का गं?"

 भिवरा लाजेनं मान खाली घालून बसली. त्या हिवाळ्यात तिनं आपल्या मानधनातली चार पोती मेंढवाड्यात गुपचूप पोचवली आणि सगुणी जगली. पुढच्या वसंतात कासवांनी नवव्या ग्रंथात नोंद केली, की नवयुग आल्यापासून मेंढ्यांची प्रकृती सुधारली आहे.

ते चित्र फार गाजलं. लांबलांबून लोक ते बघायला येतात, आणि कोकराच्या डोळ्यांतला भाव कसा जिवंत उतरलाय म्हणून हळहळतात. तेव्हापासून दर पाच वर्षांनी तिथे नवं चित्र काढायची प्रथा पडली आहे. दर वेळी मेंढवाड्यातून एक कोकरू आणतात, त्याला न्हाऊ घालतात, मांडीवर घेतात, त्याचं नाव विचारतात. रंग वाळला की परत पाठवतात. पण रंग ओला असेपर्यंत ते खरोखरच खूप मोठं दिसतं.