चुंबकाचा न्याय

साताऱ्यात जुन्या जीपगाड्यांची मिरवणूक निघते, आणि तिथे खर्डेकर आबासाहेबांचा शब्द म्हणजे कायदा. का, तर म्हणे वय झालंय.

अनघा पिसाळने वडिलांच्या जीपचा कुजलेला पत्रा उतरवून नवी ॲल्युमिनियमची बॉडी चढवली. बोल्टचं एक भोक जुळेल तर शपथ, पण पोरगी हटली नाही. अर्धं अंग लुळं पडलेल्या वडिलांना याच जीपमधून मिरवायचं होतं.

आबासाहेबांनी मडगार्डला लोहचुंबक लावला. तो खाली पडला.

"ही जीप नव्हे पोरी, पातेलं आहे! चुंबक धरेल तीच गाडी मिरवणुकीत."

सीटवर बसलेल्या वडिलांनी मान खाली घातली.

"मान्य," अनघा म्हणाली. "पण नियम सगळ्यांना. पहिल्या गाडीपासून सुरुवात करू."

पहिली गाडी आबासाहेबांची. नुसती चकचकीत! अनघाने मडगार्डला चुंबक लावला, पडला. बॉनेटला लावला, पडला. रंगाखाली बोटभर पुट्टी थापलेली.

"आबा, माझा पत्रा गंजला, तो मी काढून फेकला. तुम्ही गंज झाकून वर रंग दिलात. आता बोला, कुणाची गाडी मिरवणुकीबाहेर काढायची?"

आबासाहेबांनी चुंबक गुपचूप खिशात घातला. मिरवणुकीत पातेलं सर्वांत पुढे होतं, आणि वडील धडधाकट हाताने हॉर्न वाजवत होते.