झाकलेले भांडे

एकदा एका तालुक्याच्या गावी, तिथल्या धर्मादाय रुग्णालयात, एक वृद्ध परिचारिका होत्या. चाळीस वर्षे रुग्णसेवा करून आता त्या नव्या मुलींना शिकवत. सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणत. त्या वर्षी त्यांच्या हाताखाली एक शिष्या आली. मुलगी गुणाची, पण उत्साह असा की वारा प्यालेल्या वासरासारखी दिवसभर वॉर्डात धावत असे.

तिच्याकडे तीन नंबरच्या खाटेवरचे शेठजी सोपवले होते. धान्याचे मोठे व्यापारी, वय सत्तरीच्या पुढे. जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले होते, पायाला वजन बांधले होते, त्यामुळे कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागे. पहिले चार दिवस बरे गेले. मग एकाएकी त्यांनी पाणी पिणेच सोडले. ओठ सुकले, अंगात ताप भरला. सलाईनची सुई तर त्यांनी दोनदा उपटून टाकली. डॉक्टरांनी बजावले की उद्यापर्यंत पोटात पाणी गेले नाही, तर अशा पायानिशी त्यांना शहरात हलवावे लागेल, आणि तो प्रवास त्यांना झेपेलच असे नाही.

शिष्येच्या जिवाला घोर लागला. तिने लिंबाचे सरबत केले, शहाळे आणले, गोड बोलून पाहिले, शेवटी दटावूनही पाहिले. शेठजी भिंतीकडे तोंड फिरवत. नोंदीच्या कागदावर तिने आठ वेळा 'पाणी नाकारले' असे लिहिले आणि रडवेली होऊन बाईंकडे गेली. आजोबांनी हट्टच धरलाय, माझ्याच्याने काही व्हायचे नाही, असे म्हणाली.

बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वॉर्डात वरकाम करणाऱ्या मामांना बाजूला घेऊन काहीतरी विचारले. मग शहाळ्याचा पेला घेऊन निघालेल्या शिष्येच्या हातून तो काढून घेतला आणि खिडकीत ठेवून दिला.

"हे आधी नको," एवढेच म्हणाल्या.

मोरीवर जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने लघवीचे भांडे धुतले. गार लागू नये म्हणून त्यात गरम पाणी घोळवले, ते कोरडे पुसले आणि त्यावर स्वच्छ रुमाल घातला. पूजेचे तबक न्यावे तसे ते सांभाळून नेताना पाहून शिष्येला एरवी हसू आले असते. भांडे मागितले कुणी, हा प्रश्न मात्र तिच्या ओठांवर आला होता. बाईंनी खाटेभोवती पडदा ओढला, वाकून शेठजींच्या कानाशी काही बोलल्या आणि भांडे त्यांच्या हाताशी ठेवून बाहेर आल्या. कोपऱ्यातला नळ मोठा सोडला आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. शिष्याही तशीच उभी राहिली. पाणी उगाच वाया चालले आहे, असे तिला वाटत होते.

बऱ्याच वेळाने पडद्याआडून खोकल्याचा आवाज आला. बाई आत गेल्या, भांडे झाकून घेऊन आल्या, हात धुतले, चादर सारखी केली. पाण्याचे नाव काढले नाही. शेठजींनीच हात वर करून खिडकीकडे दाखवले. तो पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरून थेंबही न ठेवता संपवला.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी कागद शिष्येपुढे धरला.

"सोमवारी दुपारपर्यंत हे रोज सहा-सहा पेले पाणी पीत होते. चारनंतर एकही नाही. सोमवारी चार वाजता काय झालं गं?"

शिष्या आठवू लागली. भेटीची वेळ होती. शेठजींचे व्याही खाटेजवळ बसले होते. शेठजींनी तिला खुणेने बोलावून हळूच सांगितले, आणि त्यांना क्षणभरही ताटकळावे लागू नये म्हणून तिने तिथूनच हाक दिली होती, "मामा, तीन नंबरला लघवीचं भांडं द्या हो, लवकर." तेव्हा तिला स्वतःच्या तत्परतेचे कौतुक वाटले होते. व्याही मात्र घाईने उठून बाहेर बघू लागले होते. हे सांगता सांगता ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

बाई तिच्याशेजारी बसल्या. "मामा म्हणतात, तेव्हापासून त्यांनी फक्त पहाटे, सगळे झोपेत असताना भांडं मागितलं. त्यांना पाणी नको नव्हतं, बाळ. पाण्यानंतर जे मागावं लागतं, ते मागायचं नव्हतं. माणूस खाटेला खिळला की त्याचं अंग दुसऱ्यांच्या हाती जातं. लाज तेवढी त्याची स्वतःची उरते, ती आपण जपायची. घागर ओतण्याआधी मोरी तुंबली नाही ना, हे आपण घरात बघतोच. तू आठ वेळा लिहिलंस की पाणी नाकारलं. का नाकारलं, हे एकदाही शोधलं नाहीस."

शिष्येने डोळे पुसले. कागद घेऊन ती वॉर्डात परतली.

संध्याकाळी व्याही पुन्हा आले. गप्पा चालू असताना शेठजींची नजर एकदा शिष्येकडे गेली आणि लगेच खाली वळली. त्यांना काही म्हणावे लागलेच नाही. चादर बदलायची आहे, पाच मिनिटे बाहेर थांबता का, असे तिने पाहुण्यांना नम्रपणे विचारले आणि पडदा ओढला. रुमालाने झाकलेले भांडे तिने आधीच तयार ठेवले होते.

पाहुणे परत आले तेव्हा शेठजी उशीला टेकून बसले होते. "पोरी," ते सर्वांदेखत मोठ्याने म्हणाले, "पाणी दे जरा. पेला भरून दे."

तिने तो काठोकाठ भरला. त्या दिवसापासून त्या वॉर्डात कुणासाठीही भांड्याची हाक गेली नाही.