दातांनी ऐकणारे दस्तगीरचाचा

"पण ऐकूच येत नाही, तर यंत्राचं दुखणं तुम्हाला कळणार कसं?"

दस्तगीरचाचांनी तिच्या तोंडाकडे बोट केलं.

"तोंडावरचं फडकं काढा बाई," ते म्हणाले. "ओठ दिसले म्हंजे कळतं मला."

डॉक्टर शाल्मली बोरकरने मास्क हनुवटीखाली ओढला. पण तोच प्रश्न पुन्हा विचारायला तिची जीभ रेटेना.

कराडात तिचा दातांचा दवाखाना सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. विद्यापीठात ती पहिली आली होती आणि ते प्रशस्तिपत्र खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावलेलं होतं. फक्त एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ते बोटाएवढं, दाबलेल्या हवेवर फिरणारं यंत्र, तिच्याकडे टिकत नव्हतं. दोन निकामी झाले होते. तिसऱ्याचा जोर आज सकाळी ऐन कामात ओसरला. अर्धी दाढ कोरलेल्या एक शिक्षिका बाहेर बाकावर गाल धरून बसल्या होत्या. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता.

मग कुणीतरी दस्तगीर मुल्लांचं नाव सांगितलं. चाळीस वर्षं दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. लहानपणी सारखे वाहून त्यांचे दोन्ही कान बहिरे झाले, हे मात्र सांगितलं नव्हतं.

"मी रोज तेल घालते," शाल्मली म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय तस्संच. माझ्याकडून काही चुकत नाही. यंत्रंच खराब येतात हल्ली."

"चालू करा."

तिने पेडल दाबलं. एअरोटर बारीक शिट्टी घालू लागला.

"आवाज तर ठीक आहे," ती म्हणाली.

चाचांनी ट्रेमधली जीभ दाबायची लाकडी पट्टी उचलली. एक टोक दातांत घट्ट धरलं. दुसरं एअरोटरच्या दांड्याला टेकवलं. आणि डोळे मिटले.

शाल्मलीला हसू आलं.

मग ते ओठांवरच विरलं. लांबून कुणी हाक मारावी आणि ती ओळखीची निघावी, तसा चाचांचा चेहरा झाला होता. भुवया हळूच वर गेल्या, खाली आल्या...

चाचांनी पट्टी काढली.

"आतली बेअरिंग खरवडलीय. आठ दिवस काढंल. पण रोग हितला न्हाई. वारा ओला येतोय... कॉम्प्रेसर कुठं हाय?"

"मागच्या गॅलरीत."

त्या गॅलरीत ती स्वतः कधी गेली नव्हती.

चाचांनी कॉम्प्रेसर बंद केला, उकिडवे बसले आणि टाकीच्या बुडाशी असलेला छोटा नळ फिरवला. फस्स करून हवा सुटली. मागोमाग पाणी. तांबूस, गंजाचं. वाटीभर निघेल असं तिला वाटलं. चाचांनी खाली बादली सरकवली. ती अर्धी भरली तरी धार थांबेना.

शाल्मली बादलीवर वाकली. याच टाकीतला वारा ती लोकांच्या उघड्या दाढांवर सोडत आली होती.

"हा नळ... रोज उघडायचा असतो?"

"रोज. दवाखाना मिटताना."

"पण पुस्तकात..." ती थांबली. कॉम्प्रेसरचं पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं.

ती बाहेर गेली. शिक्षिकाबाईंपुढे उभी राहून तिने जे होतं ते सांगितलं. हातानेच तात्पुरतं सिमेंट भरलं आणि सगळं दुरुस्त झालं की फोन करते म्हणाली. बाईंनी मान डोलावली आणि त्या निघून गेल्या.

ती आत आली तेव्हा चाचा नळीतून कोरडी हवा सोडत होते. गाळणी धुऊन खिडकीत ठेवली होती.

"चाचा, मला ऐकवाल?"

चाचांनी नवी पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती दातांत धरली. त्यांनी दुसऱ्या टोकाला एअरोटर टेकवला आणि पेडलवर पाय ठेवला.

शाल्मली दचकली.

शिट्टी नव्हतीच ती. कवटीच्या आत, अगदी मधोमध, दगडावर दगड घासत होता. मधूनच काहीतरी तडकत होतं, पुन्हा घासत होतं. तिने दोन्ही हातांनी कान गच्च दाबले. आवाज कमी व्हायचा तर उलट वाढला. डोळ्यांत पाणी आलं... तरी पट्टी सोडवेना. एवढंसं यंत्र, आणि त्याच्या पोटात हे एवढं चाललेलं!

शेवटी तिने जबडा सैल केला.

पट्टी दूर झाली. खोलीत तीच बारीक, सरळ शिट्टी वाजत होती. या शिट्टीपासून वीतभर अंतरावर ती दीड वर्ष बसली होती.

"हे..." ती चाचांकडे वळली. "हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला ऐकू येतं, चाचा?"

चाचांनी पेडलवरचा पाय काढला.

"येतं की बाई. तुमच्या खुर्चीत बसतात त्या समद्यांना."