कणी मुंगीचा बुंददाणा

एक होती मुंगी.
एवढीशी. तिळाच्या टोकाएवढी.
तिचं नाव कणी.

कणी होती चिखलदऱ्याची. तिथे डोंगर. डोंगरावर कॉफीची झाडं. झाडाखाली वारूळ. वारुळात आई, मावश्या आणि खूप खूप बहिणी. सगळ्या एकमेकींना चिकटून झोपायच्या. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाची मिशी कुणाच्या नाकात!

एकदा काय झालं, कणी कॉफीच्या पोत्यात शिरली आणि तिथेच झोपली. पोतं गेलं ट्रकमध्ये. ट्रक गेला मोठ्या शहरात. धडधड, खडखड, पोंऽ पोंऽ! पोतं उतरवताना कणी खाली पडली. तिच्याबरोबर एक बुंददाणा पडला.

बुंददाणा ठाऊक आहे ना? कॉफीचा कच्चा दाणा. हिरवट असतो. पोटावर एक चीर असते.

मोठं शहर. मोठ्या गाड्या. मोठे मोठे बूट. आणि कणी एकटी.

तिने दाणा ढकलला. ढकलत ढकलत एका जिन्याखाली नेला. दाण्याला घराचा वास यायचा. कणी दाण्याला टेकून झोपायची. डोळे मिटले की वाटायचं, आई शेजारी आहे.

एके सकाळी झाडू आला.
खर्र खर्र! खर्र खर्र!
दाणा उडाला.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गटारात गुडुप!

"माझा दाणा! माझा दाणा!" कणी रडली. खूप रडली. पण एवढ्याशा मुंगीचं रडणं केवढंसं? शहरात कुणालाच ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात मुंग्यांची रांग आली. लांबच लांब. कणीला इतका आनंद झाला!
"मुंग्यांनो, मुंग्यांनो, इथे चांगला बुंददाणा कुठे मिळेल?"
"बुंदीदाणा? मिठाईवाल्याकडे जा की!"
"बुंदी नाही हो, बुंद!"
"तेच ते. पिवळं असतं. जा, जा!"

तुरुतुरु तुरुतुरु कणी गेली. बुंदी पिवळीधमक होती. चिकट चिकट होती. कणीचे पाय चिकटले. चुटुक, चुटुक, कसेबसे सुटले. बुंदी गोड होती. पण तिला घराचा वास नव्हता.

कणी परत आली. रांगेजवळ गेली.
"मला तुमच्या रांगेत घ्याल का?"
एका मुंगीने मिशा हलवल्या. हुंगलं.
"अगंबाई! तू आमच्यातली नाहीस. हो बाजूला."
रांग निघून गेली. कणी तिथेच उभी राहिली.

आणि मग वारा आला. वाऱ्याबरोबर वास आला. डोंगराचा वास! कुठून? जिन्याशेजारच्या दुकानातून. दुकानावर पाटी होती, 'मुकुंदकाका बुंदवाले'. दुकानात बरण्याच बरण्या. बरण्यांत काळे, भाजलेले दाणे. त्यांना धुराचा वास. पण कोपऱ्यात होतं एक नवंकोरं पोतं. आजच आलेलं. चिखलदऱ्याहून!

तुरुतुरु तुरुतुरु कणी पोत्याकडे गेली.
"पोत्या, पोत्या, दाणा दे ना!"
"का गं?" पोतं म्हणालं.
"दाणा हरवला.
आणि मला करमेना!"
"देईन की! पण माझं तोंड शिवलंय. सुतळी सुटली तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु कणी सुतळीकडे गेली.
"सुतळी, सुतळी, सूट ना!"
"का गं?" सुतळी म्हणाली.
"पोतं दाणा देईना.
आणि मला करमेना!"
"सुटेन की! पण आपली आपण कशी सुटू? काका उठले तर सुटेन."

तुरुतुरु तुरुतुरु कणी मुकुंदकाकांकडे गेली. काका खुर्चीत बसले होते. तोंडापुढे पेपर. डोळे अर्धे मिटलेले.
"काका, काका, उठा ना!"
"का गं?" काका म्हणाले. खाली काही पाहिलं नाही.
"सुतळी सुटेना.
पोतं दाणा देईना.
आणि मला करमेना!"
"उठेन की! पण सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय माझे हातपाय हलत नाहीत. किटली उकळली तर उठेन."

बघा आता! अख्ख्या शहराला कॉफी विकणारे काका, आणि स्वतः बसलेत ढिम्म!

तुरुतुरु तुरुतुरु कणी किटलीकडे गेली.
"किटली, किटली, उकळ ना!"
"का गं?" किटली म्हणाली.
"काका उठेनात.
सुतळी सुटेना.
पोतं दाणा देईना.
आणि मला करमेना!"
"उकळेन की! पण पोटात नुसतं पाणी. नुसत्या पाण्याला मी नाही उकळत, जा! मामांनी दूध घातलं तर उकळेन."

तुरुतुरु तुरुतुरु कणी दूधवाल्या सुदाममामांकडे गेली. मामा जिना चढून वर गेले होते. एका बंद दारापुढे उभे होते. एका हातात किटलीएवढी चरवी. दुसऱ्या हातात माप. जिन्याला पायऱ्याच पायऱ्या. कणी चढली, दमली, चढली, दमली. पोचली एकदाची.
"मामा, मामा, दूध घाला ना!"
"का गं?" मामा म्हणाले. खाली काही पाहिलं नाही.
"किटली उकळेना.
काका उठेनात.
सुतळी सुटेना.
पोतं दाणा देईना.
आणि मला करमेना!"
"घालतो की! पण आधी माडीवर, मंग दुकानात. आपला रोजचा रिवाज हाय. तायडीनं दार उघडलं तर घालतो."
आणि मामांनी कडी वाजवली. खट खट! खट खट! दार काही उघडलं नाही.

दाराखाली एक फट होती. तुरुतुरु तुरुतुरु कणी फटीतून आत गेली.

आत होती मिहूची आई. तिच्या मांडीवर मिहूबाळ. मिहूबाळ रडत होतं. भ्यांऽऽऽ!

"आई, आई, दार उघड ना!"
"का गं?" आई म्हणाली. खाली काही पाहिलं नाही.
"मामा दूध घालेनात.
किटली उकळेना.
काका उठेनात.
सुतळी सुटेना.
पोतं दाणा देईना.
आणि मला करमेना!"
"उघडेन की! पण माझा सोन्या पडलाय ना धपकन! गुडघ्याला लागलंय. बाळ हसलं तर उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु कणी बाळाकडे गेली.
"बाळा, बाळा, हस ना!"
भ्यांऽऽऽ!
"आई दार उघडेना.
मामा दूध घालेनात.
किटली उकळेना.
काका उठेनात.
सुतळी सुटेना.
पोतं दाणा देईना.
आणि मला करमेना!"
भ्यांऽऽऽ! भ्यांऽऽऽ!

बाळाला काही ऐकूच गेलं नाही. रडताना कुणाला ऐकू जातं का? तुम्हाला जातं?

आता पुढे कुठे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. कणी फरशीवर बसली. तिला खूप खूप एकटं वाटलं. आईची आठवण आली. मावश्यांची आठवण आली. नाकात मिशी घालणाऱ्या बहिणीचीसुद्धा आठवण आली.

इकडे आईने बाळाला खाली उतरवलं. गुडघ्यावर फुंकर घातली. फूऽ फूऽ! मग सगळ्या आया म्हणतात तेच म्हणाली,
"काही नाही झालं हं! ती बघ, मुंगी मेली! मुंगी मेली!"

बाळ थांबलं. फरशीकडे बघायला लागलं.
"मुंगी मेयी?"
"हो रे सोन्या, मेली!"

बाळाचा ओठ थरथरला.
"मुंगी मेयीऽऽऽ!"
आणि ते आधीपेक्षा मोठ्याने रडायला लागलं. गुडघा कधीच विसरला होता. ते मुंगीसाठी रडत होतं.

कणी दचकली. मेली? कोण मेली? मी?
तिने पाय हलवून पाहिले. हलले.
मिशा हलवून पाहिल्या. हलल्या.
छे! मी कुठे मेले?

मग तिला कळलं. एवढ्या मोठ्या शहरात कुणीतरी तिच्यासाठी रडत होतं. तिच्यासाठी! कणीला इतकं भरून आलं, इतकं भरून आलं, की ती पळतच सुटली.

तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु, फरशीवरून बाळाच्या बोटावर!
"मी आहे! बाळा, मी इथे आहे!"

बाळाने पाहिलं. बाळ फरशीवर बसलं होतं ना, त्याला ती लगेच दिसली. बोटावर गुदगुल्या झाल्या.
"मुंगी! मुंगी आहे!"
आणि बाळ हसलं. खुदुखुदु, खुदुखुदु!

बाळ हसलं.
आईने दार उघडलं. खट्!
मामांनी दूध घातलं. आधी माडीवर, मंग दुकानात. सुर्रर्र!
किटली उकळली. खळखळ, खळखळ!
काकांनी कॉफी प्यायली. फुर्रर्र! आणि काका उठले. टुण्णकन!
सुतळी सुटली. सर्रर्र!
आणि पोत्याने तोंड उघडलं. आऽऽऽ!

वासच वास! ओल्या पानांचा वास. झाडाखालच्या मातीचा वास. वारुळाचा वास. कणी जिन्यावरून धावत खाली आली आणि दारातच थबकली.

"घे गं कणी," पोतं म्हणालं.
एक दाणा खाली पडला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, थेट कणीच्या पायाशी! हिरवट. पोटावर चीर.

कणीने दाणा ढकलला. ढकलत ढकलत जिन्याखाली नेला. अगदी आत, झाडू पोचणार नाही तिथे. मग ती दाण्याला टेकून बसली. डोळे मिटले. घराचा वास आला. वाटलं, आई शेजारी आहे.

डोळे उघडले. आई नव्हती. मावश्या नव्हत्या. दाणा होता, आणि कणी होती. बाहेर गाड्या जात होत्या. पोंऽ पोंऽ! कणीला थोडंसं रडू आलं.

तेवढ्यात वर आवाज झाला. धपकन!
बाळ पुन्हा पडलं. त्याला काय, दिवसातून किती वेळा पडतं ते!
भ्यांऽऽऽ!
"काही नाही झालं हं! ती बघ, मुंगी मे..."

बाळाने आईच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट!
"नाही! मुंगी आहे!"

आईला हसू आलं. तिने बाळाला कडेवर घेतलं. दोघं जिन्यात आली. आई वाकली. खाली पाहिलं. अगदी खाली पाहिलं.
"हो रे सोन्या," आई म्हणाली. "मुंगी आहे हं."

आणि जिन्याखालून एक आवाज आला. इतका बारीक, इतका बारीक, की फक्त बाळालाच ऐकू गेला.
"आहे!"

त्या दिवशी कणीला करमलं.

गोष्ट सगळी पिऊन झाली,
कपबशी आता विसळायला गेली.